द्राक्षवेलीची नाडीपरीक्षा

आमच्या लहानपणी मालवणच्या बाजारात द्राक्षे यायची ती माघ-फाल्गुनात, घाटावरून. आणि घरात यायची ती बहुधा कोणी आजारी पडल्यावर. आंबे, फणस, काजू, रातांबे, करवंदे ही आपली फळे. ती कोणी पैसे मोजून घेत असेल असे आम्हा पोरांच्या स्वप्नातही येत नसे. द्राक्षे मात्र तोलून, पुडीत बांधून येत आणि तापातून उठलेल्या माणसाच्या उशाशी बशीत ठेवली जात. धडधाकट पोरांच्या वाट्याला पुडीच्या तळाशी राहिलेले सुटे मणी. साहजिकच द्राक्ष म्हणजे आजाऱ्याचे फळ, अशी माझी पक्की समजूत होऊन बसली.

ती समजूत एका वेगळ्याच अर्थाने खरी आहे, हे कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली. लाकडी खोडाच्या जेवढ्या पिकांची माणूस लागवड करतो, त्यांत विषाणूंची सर्वांत जास्त बिऱ्हाडे द्राक्षवेलीवर आहेत. ऐंशीहून अधिक निरनिराळे विषाणू आजवर तिच्यात सापडले आहेत. त्यांतले कित्येक गरीब स्वभावाचे. वर्षानुवर्षे राहतात आणि कोणाला पत्ता लागू देत नाहीत. काही मात्र घरातल्या घरात पोखरणारे. वेल हिरवीगार, मांडव भरलेला, घडही लागलेले. पण गोडी उशिरा भरते, रंग फिका येतो, वजन दरसाल थोडे थोडे घटते. बागाईतदार खताला दोष देतो, पाण्याला देतो, शेवटी नशिबाला देतो.

कोकणातल्या माणसाने द्राक्षाची एवढी उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. आमच्या जमिनीत वेल लावली तर मृगाच्या पावसाबरोबर तिच्यावर बुरशी चढते आणि श्रावण संपेतो तिचा सांगाडा उरतो. पण या कथेचे जे खरे सूत्र आहे ते आम्हा कोकण्यांना घाटावरच्या माणसाइतकेच, कदाचित त्याहून जास्त परिचयाचे आहे. ते सूत्र म्हणजे कलम.

आमचे आजोबा कलमे बांधीत. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात रुजलेली ही विद्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या वाटेने आमच्या गावापर्यंत कधी आली हे ते सांगू शकत नसत, पण भेटकलम बांधताना त्यांची बोटे अशी चालत की पाहणाऱ्याला वाटे ही विद्या यांच्या रक्तातच आहे. ते म्हणत, बी पेरून झाड लावले तर ते कोणाच्या वळणावर जाईल याचा नेम नाही. कलमाचे मात्र तसे नसते, ते दुसरे झाडच नव्हे, तेच जुने झाड, फक्त पाय नवे. हापूसचे झाड म्हणून जे जे आपण पाहतो ते सारे कुठल्या तरी एकाच मूळ झाडाचे अंग आहे, हा विचार त्यांना फार आवडे. तो मलाही आवडे. त्यातली मेख लक्षात आली ती पुढे. बी म्हणजे नवा जन्म. त्या जन्मात मागचे पुष्कळसे विषाणू गळून पडतात. काडी किंवा कलम म्हणजे तोच देह नव्या जागी. त्यात गुण जातात तसे भोगही जातात. आणि द्राक्षाची बाग कोणीही बियांपासून लावीत नाही. हजारो वर्षे माणूस काडीमागून काडी लावीत आला आहे.

माझी एक मावशी तासगावाकडे दिली होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, द्राक्षाचे बागाईतदार. १९८० च्या सुमारास ते एकदा आमच्याकडे आले ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या चार काड्या घेऊन. आपल्या बागेतल्या सर्वांत उत्तम वेलीच्या त्या काड्या. बागाईतदाराने काडी देणे म्हणजे काय असते हे तेव्हा आम्हाला कळले नाही; गाय व्यालेल्या घरून खरवस यावा तशी ती भेट. चारांतली एक जगली. विहिरीजवळच्या मांडवावर ती चढली, तीनदा वठली, तीनदा बुंध्यातून पुन्हा फुटली. फळ म्हणाल तर आंबट, आणि तेही पाखरांनी ठेवले तर. पण पाव्हण्याने दिलेली वेल म्हणून आईने ती कधी तोडू दिली नाही. तिची पाने कडेने खाली मुडपतात. समुद्राची खारी हवा, असे आम्ही म्हणत आलो. आज मला तसे खात्रीने म्हणवत नाही.

महाराष्ट्रातले द्राक्ष काही कालपरवाचे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला तेव्हा वर्षातून दोनदा येणाऱ्या तिथल्या द्राक्ष-डाळिंबांची त्याने नोंद करून ठेवली. तथापि आज आपण ज्याला द्राक्षबाग म्हणतो तिचा विस्तार झाला गेल्या साठ-सत्तर वर्षांत, थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या बाजूंना पसरल्यावर. आणि तो झाला शेतकऱ्यांच्या डोळ्यांनी. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या वेलींतून वेगळ्या गुणाची वेल हेरली. तिची ‘तास-ए-गणेश’ झाली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी अशाच निवडीतून ‘सोनाका’ पुढे आणली. हजार वेलींतून एका काडीचे लांबोडके मणी ज्याच्या नजरेत भरतात, त्या नजरेला काय म्हणावे! आणि नवल असे की याच नजरेला वेलीत शिरलेला विषाणू दिसत नाही. त्याला दिसण्याजोगे अंगच नाही.

अंग नसलेल्या या शत्रूचा माग माणसाने कसा काढला, ती हकीकत मोठी गमतीची आहे. हॉलंडात सतराव्या शतकात ट्यूलिपच्या फुलांवर ज्वालांसारखे पट्टे उमटत. अशा फुलांच्या एकेका कांद्यासाठी लोकांनी घरे गहाण टाकली आणि १६३७ मध्ये तो बाजार कोसळला. ज्या पट्ट्यांसाठी हा सारा वेडेपणा झाला ते पट्टे म्हणजे रोगाचे लक्षण होते. इंग्लंडमधल्या डोरोथी केली या संशोधिकेने पट्टेदार कांद्याचा तुकडा साध्या कांद्याला जोडला, आणि साध्या कांद्याच्या फुलावरही पट्टे उमटले. हे १९२८ मधले. रोग सोन्याच्या मोलाने विकत घेतल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

दरम्यान हॉलंडातच ॲडॉल्फ मायर यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले होते की तंबाखूच्या ठिपकेदार पानांचा रस निरोगी झाडात भरला की तेही झाड ठिपकेदार होते. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्की यांनी तो रस चिनी मातीच्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. जंतू वर अडकले, पण खाली आलेल्या स्वच्छ पाण्यातही रोग होताच. १८९८ मध्ये बायेरिंक यांनी ठासून सांगितले की हा जंतू नव्हे, हे दुसरेच काही आहे, आणि त्याला ‘व्हायरस’ हे नाव दिले. १९३५ मध्ये अमेरिकेत स्टॅनली यांनी त्याचे स्फटिक करून बाटलीत भरले. म्हणजे खडीसाखरेसारखे बाटलीत पडून राहणारे आणि पानाला चोळताच जिवंत होऊन वाढणारे असे हे प्रकरण. ते सजीव की निर्जीव, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि शेतकऱ्याला त्याचे सोयरसुतक नाही.

द्राक्षवेलीच्या बाबतीत मात्र हे शोध लगेच कामाला आले नाहीत, कारण युरोपातल्या द्राक्षमळ्यांवर त्याआधी एक वेगळेच गंडांतर येऊन गेले होते. १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये मळेच्या मळे वाळू लागले. १८६८ मध्ये प्लाँशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळे उकरून पाहिली, तर त्यांवर पिवळसर बारीक किडी चिकटलेल्या. फायलोक्सेरा नावाची ही कीड अमेरिकेतून आली होती. तोडगाही अमेरिकेतूनच आला: तिथल्या रानवेलींची मुळे या किडीला दाद देत नसत. तेव्हा अमेरिकन वेलीचा खुंट घ्यावा आणि त्यावर युरोपच्या वेलीचे कलम बांधावे. टेक्सासच्या टी. व्ही. मन्सन यांनी या कामी फार मोठी मदत केली. पाहता पाहता सारा युरोप कलमी झाला. आमच्या आजोबांना हे ऐकून धन्य वाटले असते.

पण इथेच घात होता. तोवर रोगट वेल असली तरी तिचा रोग तिच्या काड्यांपुरता असे. आता दोन देहांची सोयरीक झाली. अमेरिकन खुंट बहुधा विषाणू पोटात ठेवून चेहऱ्यावर काहीच दाखवीत नाही. वरच्या वेलीत तो चढला की मग पाने मुडपतात, फळ फिके पडते. वरची वेल रोगी असेल तर तिचा रोग खुंटात उतरतो. रोपवाटिकेतल्या चाकूने एका पिढीत जेवढा रोग पसरवला तेवढा साध्या काडीने शेकडो वर्षांत पसरवला नसेल. मुडपलेल्या पानांच्या या विकाराला इंग्रजीत ‘लीफरोल’ म्हणतात. आपण त्याला पर्णवलन म्हणू. काळ्या-तांबड्या जातींत शिरा हिरव्या राहतात आणि मधले पान लालबुंद होते. शरद ऋतूत युरोपचे लाल मळे पाहून प्रवासी हरखून जातात. त्या लालीत कित्येकदा या रोगाचाही वाटा असतो.

जर्मनीत आल्झाइ येथे गेओर्ग शॉय यांनी १९३० च्या दशकात हा विकार जमिनीचा वा हवेचा नसून कलमातून जातो हे दाखवून दिले. मला अधिक हृद्य वाटते ती कॅलिफोर्नियातली गोष्ट. तिथे ‘एम्परर’ नावाची तांबडी खाण्याची द्राक्षे होत. बादशहाचे नाव असलेल्या या द्राक्षाच्या काही वेलींना मात्र फळ यायचे पांढुरके, निस्तेज. बाजारात त्याला किंमत नसे. लोक त्याला ‘पांढरा बादशहा’ म्हणत. छाटणीच्या दिवसांत पाने गळालेली, फळ काढलेले. त्या वेळी पांढऱ्या बादशहाची काडी आणि तांबड्या बादशहाची काडी यांत ब्रह्मदेवालाही फरक दिसू नये. माणसे काड्या कापीत, मोळ्या बांधीत, नव्या बागेत लावीत, आणि तीन-चार वर्षांनी फळ धरल्यावर कपाळावर हात मारीत. हार्मन आणि स्नायडर या दोघांनी १९४६ मध्ये सांगितले की ही जात बिघडलेली नाही, हा संसर्ग आहे आणि तो कलमातून जातो. १९५८ मध्ये गोहीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पांढरा बादशहा आणि जर्मनीतले पर्णवलन हे एकच.

मग रोग ओळखायचा कसा? उत्तर साधे निघाले. ज्या चाकूने रोग पसरला त्याच चाकूने तो पकडायचा. संशयित वेल मुकी असेल, तर तिचा डोळा एखाद्या बोलक्या वेलीवर भरावा. कॅबर्ने फ्रां नावाची एक काळी जात आहे. पर्णवलनाचा अंश जरी अंगात गेला तरी तिची पाने लाल होऊन मुडपतात. अशा वेलीला सूचक वेल म्हणतात. संशयिताचा डोळा तिच्यात बसवायचा आणि वाट पाहायची. एक नव्हे, दोन-तीन वर्षे. पाने हिरवी राहिली तर मूळ वेल त्या रोगापुरती निर्दोष. वेगवेगळ्या विषाणूंसाठी वेगवेगळ्या सूचक वेली. डेव्हिस येथील विद्यापीठाने अशा चाचण्यांतून पार पडलेल्या वेलींची एक निवडक बाग उभी केली आणि तिथून शुद्ध काड्या देण्याची पद्धत पाडली. वैद्याने रोग्याचा हात आपल्या हाती घेऊन नाडी पाहावी, तशी ही एका वेलीने दुसरीची पाहिलेली नाडी होती.

आपल्याकडे ही विद्या द्राक्षावरून आली नाही. ती आली भेंडीवरून, आणि म्हणून मला तिचा जास्त अभिमान वाटतो.

कोकणातल्या कुठल्याही परसात भेंडीचा वाफा असतोच. श्रावण-भाद्रपदात एखाद्या सकाळी एका झाडाच्या पानांवर शिरांचे पिवळेधमक जाळे दिसते. आठवडाभरात शेजारची झाडे, मग सारा वाफा. फळे पिवळट, खुरटी, काष्ठवत. आमची आजी म्हणायची, “हळद लागली रे भेंडयेक. आता ती आपल्याकडे रवाची नाय.” आणि उपटून टाकायची. शास्त्राच्या दृष्टीने याहून योग्य उपचार आजही दुसरा नाही. मुंबई इलाख्यातल्या पिकांवरचे असले विकार जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या मासिकात नोंदवले. त्यांत ही हळद्या भेंडी होती. मग १९४० मध्ये बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर यांनी हा विषाणूचाच रोग असल्याचे प्रसिद्ध केले. रोगट पानांचा रस निरोगी पानावर कितीही चोळा, रोग होत नाही. पण कलम बांधा, होतो. आणि पांढरी माशी रोगट झाडावर बसून निरोगी झाडावर गेली की होतो. पुण्यातल्या या मंडळींनी चिवटपणे हे एकेक दार तपासले. जपानच्या सम्राज्ञी कोकेन यांनी इसवी सन ७५२ मध्ये रचलेल्या एका कवितेत उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या पानांचा उल्लेख आहे. तो वनस्पतींच्या विषाणुरोगाचा जगातला सर्वांत जुना लेख मानतात. त्या झाडाचा विषाणू २००३ मध्ये तपासला तेव्हा तो आपल्या हळद्या भेंडीच्या विषाणूच्याच गोतातला निघाला. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने एका रानभेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ काढली. ती या रोगाला बरीच दाद देत नसे. हे नाव ऐकले नाही असा भेंडी लावणारा महाराष्ट्रात विरळा.

याच तिघांनी १९४५ मध्ये वेलदोड्याचाही निकाल लावला. आमच्या सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला गोवा ओलांडला की कारवार जिल्हा. तो तेव्हा मुंबई प्रांतात होता. शिरसी-सिद्धापूरच्या सुपारीबागांच्या सावलीत वेलदोडा होतो. तिथे एक रोग असे. कानडीत त्याला कट्टे म्हणत. पानाच्या मधल्या शिरेपासून कडेपर्यंत फिकट तुटक रेघा, आणि बेट वर्षागणिक बसत जाते. मॉलिसन यांनी १९०० मध्येच त्याचा उल्लेख केला होता. पण कारण कळत नव्हते. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की हाही विषाणू, आणि त्याची ने-आण करतो केळीवर असतो तो काळसर मावा. बागाईतदारांनी केळीकडे तेव्हापासून संशयाने पाहिले असेल तर नवल नाही. २०१० मध्ये बारकाईने पाहता असे ठरले की केळीवरचा मावा आणि वेलदोड्याच्या कुळातल्या झाडांवरचा मावा या दिसायला जुळ्या पण निराळ्या जाती आहेत. पासष्ट वर्षे केळीने शेजाऱ्याच्या गुन्ह्याचा आळ सोसला म्हणायचे.

द्राक्षातल्या विषाणूंनाही असे हमाल आहेत. पंख्यासारखी पाने करणारा जो जुना युरोपीय रोग, तो जमिनीतला केसाहून बारीक सूत्रकृमी मुळांतून पोचवतो, हे कॅलिफोर्नियात ह्युइट, रास्की आणि गोहीन यांनी १९५८ मध्ये सिद्ध केले. जमिनीतला कृमी वनस्पतीचा विषाणू वाहतो असे प्रथमच कळले. पर्णवलनाचे वाहक म्हणजे पिठ्या ढेकणाच्या काही जाती. हा पिठ्या आपल्या द्राक्ष बागाईतदाराच्या ओळखीचा, नव्हे, उरावरचा.

सूचक वेलीची परीक्षा खात्रीची, पण तीन वर्षे कोण थांबणार? म्हणून लोक जलद उपाय शोधू लागले. एक मौज सांगतो. काही विषाणू वेलीच्या रसातून चाकवताच्या गोतातल्या झाडांवर उतरवता येतात. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या पानांवर ठिपके दिसतात. परंतु द्राक्षाच्या पानात तुरटपणा फार. तो रस चोळताना विषाणूलाच निकामी करतो. तेव्हा पाने वाटताना निकोटीनचे पाणी घालतात, म्हणजे तुरटपणा बांधला जातो. ज्या तंबाखूने विषाणूची पहिली ओळख करून दिली तिनेच पुन्हा मदतीला यावे!

खरी घाई भागली ती १९७७ मध्ये. माणसांच्या रोगांसाठी निघालेली एक परीक्षा क्लार्क आणि ॲडम्स यांनी वनस्पतींच्या विषाणूंसाठी बसवली. तिला एलायझा म्हणतात. विषाणू शुद्ध करून सशाला टोचायचा. सशाच्या रक्तात त्या विषाणूला नेमके ओळखणारे द्रव्य तयार होते. ९६ खळग्यांचे एक प्लास्टिकचे तबक असते, अप्पेपात्राची धाकटी बहीण म्हणावी असे. खळग्यांच्या तळाला ते द्रव्य चिकटवायचे, वर पानाच्या देठाचा रस घालायचा, धुवायचे, आणि शेवटी एक रंगणारे पाणी सोडायचे. विषाणू असेल त्या खळग्यात पाणी पिवळे होते. म्हणजे इथेही हळद लागते ती आजाऱ्यालाच. एका दिवसात शेकडो वेलींचा निकाल. त्यानंतर पीसीआर आले: विषाणूच्या आनुवंशिक मजकुराचा एक तुकडा हेरून त्याच्या कोट्यवधी नकला काढायच्या, की कणभर असला तरी मणभर दिसावा. आणि आता तर वेलीतल्या रसातला सगळा मजकूर वाचून काढून, त्यात परका कोण आहे ते पाहतात.

एवढी साधने झाली तरी वेल ती वेलच. विषाणू तिच्या अंगात सारखा पसरलेला नसतो. एका काडीत असतो, शेजारच्या काडीत नसतो. कोवळ्या शेंड्यात शोधाल तर हुलकावणी देतो, जुन्या पानाच्या देठात सापडतो. कोणत्या महिन्यात पान तोडले यावर निकाल फिरतो. युरोपात वेल हिवाळाभर झोपते आणि वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. तिथले वेळापत्रक इथे जसेच्या तसे लावून चालेल असे धरता येत नाही. म्हणून अनुभवी माणूस ‘वेल निरोगी आहे’ असे लिहीत नाही. ‘अमुक विषाणू आढळला नाही’ असे लिहितो. हा भेद बागाईतदाराला कंटाळवाणा वाटतो. पण दहा-पंधरा वर्षांच्या बागेचे भांडवल त्या एका वाक्यावर उभे असते, कारण विषाणू वेलीत शिरल्यावर बागेत त्यावर औषध नाही. भुरीला फवारा आहे, करप्याला आहे; याला फक्त कुदळ.

महाराष्ट्रातली बाग फार वर्षे आपल्याच पायावर उभी होती. फायलोक्सेराची धाड आपल्यावर आली नाही, म्हणून काडी लावली की झाले. पुढे दुष्काळ आले, विहिरींचे पाणी खारट झाले, जमिनी चोपण होऊ लागल्या, तेव्हा १९९० च्या सुमारापासून बागाईतदार खुंटाकडे वळला. डॉगरिज नावाचा खुंट त्याने घेतला. मूळ निवड टेक्सासच्या त्याच मन्सन यांची. त्याने बागा वाचवल्या, यात शंका नाही. पण युरोपाने शंभर वर्षांपूर्वी जी सोयरीक केली ती आपण आता केली, आणि त्या सोयरिकीतला धोकाही घरात घेतला. त्यात आपली मुख्य द्राक्षे हिरवी-पांढरी. पर्णवलन झाले तरी त्यांची पाने लाल होत नाहीत, जरा पिवळी पडतात, जरा मुडपतात, आणि तसे तर पोटॅश कमी पडले तरी होते. वाइनसाठी काळ्या जाती आल्यावर मात्र लाल पाने दिसू लागली. दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था आणि पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून काम करणारे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी पर्णवलनाच्या दोन विषाणूंची भारतातली उपस्थिती २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. ते विषाणू २०१२ मध्ये आले असे नव्हे. २०१२ मध्ये ते ओळखले गेले.

९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने स्वच्छ रोपांची एक योजना मंजूर केली. सुमारे १,७६६ कोटी रुपयांची, देशभरात नऊ केंद्रे, त्यांत द्राक्षासाठी पुणे. मातृवेली तपासायच्या, रोगट निघाल्या तर उष्णता देऊन किंवा शेंड्याच्या टोकाचा मिलिमीटरहून लहान कण काढून काचेच्या नळीत वाढवायचा, आणि त्या स्वच्छ रोपांची रोपवाटिकांना पैदास करू द्यायची, असा बेत आहे. शेंड्याच्या टोकाशी विषाणू सहसा पोचलेला नसतो, ही गोष्ट फ्रान्सच्या मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये डेलियाच्या झाडावर उपयोगात आणून दाखवली होती. बेत चांगला आहे. अडचण मला दिसते ती शास्त्राची नाही. आपल्याकडे काडी मागायची नसते का? आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचे असते का? मैत्रीने, नात्यागोत्याने, पाव्हणचाराने ज्या काड्या बांधाबांधांवरून गेल्या त्यांतूनच महाराष्ट्राची द्राक्षबाग झाली. त्या देण्याघेण्यात ‘आधी तपासून आण’ हे वाक्य कुठे बसवायचे?

काका आता नाहीत. त्यांची बागही पुढे उतरत गेली आणि मुलांनी काढून ऊस लावला. बाग का उतरली हे कोणी तपासले नाही. तेव्हा तपासणार तरी कुठे? काकांनी आयुष्यभरात किती जणांना काड्या दिल्या असतील याचा हिशेब नाही. त्या काड्यांत काही होते असे मी म्हणत नाही. नव्हते असेही मला म्हणता येत नाही.

गेल्या गणपतीत माझी भाची आली होती. ती दापोलीला कृषी शिकते. विहिरीवरच्या मांडवाखाली उभी राहून तिने बराच वेळ वर पाहिले, मग बुंध्याजवळची जुनी पाने देठासकट खुडली, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घातली आणि पिशवीवर तारीख लिहिली. तिच्या ओळखीच्या कोणी तरी ती तपासून देणार आहे. आईला हे पटले नाही. वेल चाळीस वर्षे उभी आहे, तिला आता काय विचारायचे आहे, असे तिचे म्हणणे. नव्वदीला आलेल्या माणसाला ते तसे वाटणारच.

परवा, दिवाळीच्या तोंडावर, शेजारच्या काकू अंगणात कंदील लावायला शिडी मागायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, तुमच्या त्या वेलीची एक काडी द्या, नव्या घराच्या गडग्यावर चढवीन म्हणते. मी आईकडे पाहिले. तिने सुपातले पोहे खालीवर केले, थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पाना तपासूक गेली हत गो. काय ता कळांदे, मगे देतंय.”